कावड कुणाच्या खांद्यावर?

हा अंक तुमच्या हाती नेहमीपेक्षा तीन आठवडे उशिरा पडतो आहे, त्याबद्दल आधी दिलगिरी. या वेळी कारण कागदाचं, छपाईचं किंवा थकलेल्या वर्गण्यांचं नाही. कारण घरगुती आहे. हे संपादकीय मी कळंब्याला, आईच्या खाटेशेजारी बसून लिहिते आहे. पण ‘घरगुती’ म्हणून जे बाजूला सारलं जातं त्यातच बाईचं निम्मं आयुष्य सरतं, असं आपणच वर्षानुवर्षं म्हणत आलो. तेव्हा हे घरगुती कारण सविस्तर सांगण्याची मुभा घेते.

आई 78 वर्षांची. वडील गेल्यापासून कळंब्याच्या घरात एकटी राहते. मी कोल्हापूर शहरात, के.एम.टी.नं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. भाऊ पुण्याला. एका पहाटे आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीनं 108 ला फोन केला, मला कळवलं, आणि आम्ही तिला शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि शस्त्रक्रिया लागेल, तीही लवकर, असं सांगितलं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. माणूस पडून राहिलं की छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. हे सगळं त्यांनी नीट समजावलं. फक्त समजावताना ते बोलत होते माझ्या नवऱ्याशी. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं त्याला मिळत होती. शेवटी तोच म्हणाला, “डॉक्टर, सगळं या बघतात, यांच्याशी बोला.”

मग काउंटरवर कागद आले.

“पेशंटच्या तुम्ही कोण?”
“मुलगी.”
“मुलगा नाही का?”
“आहे, पुण्याला असतो.”
“मग तो येईपर्यंत थांबा. नंतर भानगडी नकोत.”

भावाशी फोनवर बोलणं करून दिलं. “ताई आहे ना तिथं, ती करेल सही,” असं त्यानं स्वच्छ सांगितलं. पण फोनवरची परवानगी चालेना. माझी समोरासमोरची सही चालेना. वर पुन्हा, “तुम्ही मुलगी कशावरून? नात्याचा पुरावा आणा.”

हा पुरावा शोधायला मी घरी आले तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. आईच्या नावात तिच्या नवऱ्याचं नाव, माझ्या नावात माझ्या नवऱ्याचं. आडनावं वेगळी. रेशनकार्डावरचं माझं नाव लग्नानंतर कमी होऊन सासरच्या कार्डावर चढलेलं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, आईचं नाही. जिनं मला जन्म दिला तिला आणि मला एकत्र जोडणारा कागदच सापडेना. जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं 2024 मध्ये घेतला. तो 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी आहे. चांगलंच झालं. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आणि आईला दवाखान्यात घेऊन धावणाऱ्या लेकींना त्याचा काय उपयोग?

अखेर ट्रंकेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद सापडला. त्यावर आईचं नाव होतं, ‘पत्नी’ म्हणून. खाली माझं नाव होतं, ‘मुलगी’ म्हणून. दोघींचे फोटो, दोघींच्या सह्या, दोघींचे अंगठे, सरकारी शिक्का. ते हक्कसोडपत्र होतं. वडील गेल्यावर हे घर आणि मागचा गुंठा-दोन गुंठ्याचा तुकडा भावाच्या नावावर करून देताना आम्ही दोघींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन लिहून दिलेलं.

त्या दिवशी तिथं कुणीही “मुलगा कुठाय?” असं विचारलं नव्हतं. “नंतर भानगडी नकोत” म्हणून माझी सही अडवली नव्हती. उलट भानगडी नकोत म्हणूनच ती घेतली होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायकोला, मुलाला आणि मुलीला सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं 1994 मध्ये केली, केंद्रानं 2005 मध्ये. आणि शिबिरांतून हे सगळं सांगत फिरणारी मी, “भावाशी वाईटपणा कशाला” म्हणून गुपचूप सही करून मोकळी झाले होते. ही कबुली आज तुमच्यासमोर देते आहे. सोडायच्या कागदावर लेकीची सही सोन्यासारखी असते. सांभाळायच्या कागदावर मात्र ती पुरत नाही.

ते हक्कसोडपत्र दाखवलं. मुलगी असल्याचं सिद्ध झालं. तरीही “मुलगा येऊ दे” हे कायम राहिलं. भाऊ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, त्यानं न वाचता चार ठिकाणी सही केली आणि शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली. नशिबानं आई सुखरूप आहे. पण तो एक वाया गेलेला दिवस आणि दोन रात्री ती ज्या वेदनेत होती, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा लेक विरुद्ध लेक असा नेहमीचा तंटा आहे. मलाही तसंच वाटत होतं. काउंटरवर मी तावातावानं भांडत होते की मुलाइतकीच मुलीची सही धरा. त्याच रात्री आईला पाणी पाजताना तिनं विचारलं, “काय ठरवलंसा माझं?”

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मला कुणी इचारलंच न्हाई की गं. सही मला बी येती की.”

मैत्रिणींनो, माझ्या आईनं वीस वर्षं गावातल्या दूध संस्थेला दूध घातलं आणि त्याचं पुस्तक स्वतः सांभाळलं. तिला ऐकू येतं, समजतं, ती शुद्धीवर होती. संमतीपत्रकावर ‘रुग्णाची सही’ अशी ओळ होती. नातेवाइकाची ओळ तिच्या खाली होती. ती वरची ओळ डॉक्टरांना दिसली नाही, काउंटरवरच्या मुलीला दिसली नाही, माझ्या भावाला दिसली नाही. आणि मलाही दिसली नाही. ज्या पुरुषप्रधान रीतीशी मी भांडत होते, तीच रीत मी आईच्या बाबतीत चालवत होते. फरक इतकाच की मुलाच्या जागी मला बसायचं होतं.

कायदा काय म्हणतो ते आता नीट पाहू. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा खटला कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. 1995 मध्ये 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री तपासणीसाठी दुर्बीण घालून घ्यायला दवाखान्यात गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये निकाल दिला. रुग्ण सज्ञान आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल तर संमती त्याचीच हवी. तो तात्पुरता भुलीखाली आहे म्हणून दुसऱ्या कुणाची, अगदी आईचीही, संमती चालणार नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे. आजार काय, उपचार काय, त्यातले धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का, हे सांगून घेतलेली संमती. स्त्रीच्या शरीराबद्दल आपण जे म्हणत आलो, तेच न्यायालयानं म्हटलं. ते तरुण बाईच्या गर्भाशयाला लागू आहे, तसंच म्हातारीच्या मोडलेल्या खुब्यालाही लागू आहे.

रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तरीसुद्धा मुलाचीच सही लागते असं सांगणारा कायदा नाही. ती रीत आहे, कायदा नव्हे. आणि जबाबदारी टाकायची वेळ येते तेव्हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद मुळीच करत नाही. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्या वडिलांनी त्यांच्याकडे पोटगी मागितली होती. लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी येत नाही, अशी मुलीची बाजू होती. सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये ती अमान्य केली. लग्न झालं म्हणून मुलगी मुलगी राहत नाही असं नाही. तिचं स्वतःचं उत्पन्न असेल तर आई-वडिलांना पोसणं तिचंही कर्तव्य आहे, असा तो निकाल. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याण कायद्यातही ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात असंच लिहिलं आहे. न सांभाळल्यास म्हाताऱ्या आई-वडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हणजे खर्च द्यायला लेक लेकच, राबायलाही लेकच. मग दवाखान्याच्या टेबलाशी आली की ती एकाएकी परकी का होते?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या भाषेतही दडलेलं आहे. निराधार वृद्धांना महाराष्ट्र शासन दरमहा निवृत्तिवेतन देतं. 2023 मध्ये ते 1000 वरून 1500 रुपये झालं. त्या योजनेचं नाव काय? श्रावणबाळ. आंधळ्या आई-बापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा लेक. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकली. त्या गोष्टीत लेक नाही, सून नाही. पण आपल्या आजूबाजूच्या घरांत डोकावून पाहा. म्हाताऱ्यांची कावड कुणाच्या खांद्यावर आहे? बेडपॅन कोण देतं, रात्री तीनदा कोण उठतं, औषधाच्या वेळा कोण पाळतं, त्यासाठी बिनपगारी रजा कोण घेतं? केंद्र सरकारनं 2019 मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97 मिनिटं, असं तीत दिसलं. घरातल्यांची काळजी घेण्यात बायकांची 134 मिनिटं जातात, पुरुषांची 76. आणि पुरुषांतले बहुसंख्य तर या दोन्ही कामांत मुळात हातच घालत नाहीत. हे सरकारी आकडे आहेत. नाव श्रावणबाळाचं, खांदा त्याच्या बहिणीचा आणि बायकोचा.

आणखी एक खांदा मोजायचा राहतो. आईला घरी आणल्यापासून दिवसा एक मावशी येतात. बारा तासांची पाळी. आईला उठवणं, अंग पुसणं, वॉकरनं चार पावलं चालवणं सगळं त्या करतात. त्यांची स्वतःची सासू अर्धांगवायूनं घरी पडून आहे आणि तिच्याजवळ त्यांची चौदा वर्षांची मुलगी शाळा बुडवून बसते, हे मला आठव्या दिवशी कळलं. तेही त्यांनी खाडा का केला, असं मी विचारल्यावर. मी माझ्या कामावर जावं म्हणून एक मुलगी शाळेत जात नाही. या साखळीचं दुसरं टोक कुठं आहे? आपण घरकामगार बायकांच्या मोर्चात चालतो, त्यांच्यासाठी 2008 मध्ये झालेल्या कल्याण मंडळाच्या कायद्यासाठी आपणही घोषणा दिल्या. आणि घरात आजारपण आलं की दर ठरवताना आपलीही जीभ आखडती होते. मावशींना आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि त्या दिवशी भावानं पुण्याहून यायचं, असं आता आम्ही ठरवलं आहे. भाऊ येतो. पहिल्या रविवारी बेडपॅन धरताना त्याचे हात थरथरत होते. आता नाही थरथरत. हे काम अंगात घेऊन कुणी जन्माला येत नाही, करून करूनच ते येतं, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

आता थोडं कामाचं. गेल्या तीन महिन्यांत मी जे ठेचा खाऊन शिकले, ते तुम्हाला ठेच न लागता मिळावं.

संमतीपत्रक समजेल त्या भाषेत मागा, कोरं असेल तर सही करू नका, प्रत घ्या. रुग्णहक्कांची सनद राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 मध्ये तयार केली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि अशी सनद रुग्णालयात दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. ती भिंतीवर दिसली नाही तर विचारा. केसपेपरची मागणी लेखी करा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणीपासून 72 तासांत ते द्यावे लागतात.

70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. ते आधीच काढून ठेवा आणि जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे तेही पाहून ठेवा. आम्ही काढलं नव्हतं. पडल्यावर धावपळ करून काढायला गेलो तर शेणामातीत झिजलेल्या आईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात.

बँकेसाठी आईला खुर्चीत घालून नेण्याची गरज नाही. 70 वर्षांवरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या खातेदारांना घरी सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे.

मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. पुष्कळ घरांत ते करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण लिहून देणाऱ्याची बुद्धी आजारानं काम करेनाशी झाली की आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात, ऐन गरजेच्या वेळी, तो कागद हातात राहत नाही. माणूस कोमात गेलं तर पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आहे.

म्हणून आधीच बोलायला हवं. असाध्य अवस्थेत कृत्रिम उपायांनी जीव लांबवायचा की नाही, याबद्दल आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहिता येतात. तिथं मुलीचं, सुनेचं, बहिणीचं नाव लिहायला कुणाची आडकाठी नाही.

पण हे सगळे कागद दुय्यम आहेत. आपल्या चळवळीनं बाईच्या शरीराचा हक्क मागितला तो मुख्यतः तिच्या तरुणपणाचा. गर्भपात, संततिनियमन, हुंडा, मारहाण. तेव्हा आपण स्वतः तरुण होतो. आता आपण आपल्या आयांच्या उशाशी बसलो आहोत आणि थोड्याच वर्षांत त्याच खाटेवर असू. म्हातारी झाली म्हणजे बाई पुन्हा ‘कुणाची तरी’ होते. आधी बापाची, मग नवऱ्याची, आणि शेवटी मुलाची. तिला मुलाऐवजी मुलीची करून टाकणं ही मुक्ती नव्हे.

परवा तपासणीला गेलो तेव्हा मी खुर्ची मागं सरकवून बसले आणि डॉक्टरांना म्हटलं, “आईलाच विचारा.” ते क्षणभर गोंधळले, मग त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं. आईनं पाच प्रश्न केले. त्यातला एक मला सुचलाच नसता. कळंब्याच्या तलावापर्यंत चालत कधी जाता येईल, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी बघू. फॉर्मवर तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून यायचं आहे. आपल्या आईला, आई नसेल तर सासूला, मावशीला, शेजारच्या आजीला विचारायचं: “तू आजारी पडलीस तर तुझ्यासाठी काय व्हावं आणि कुणी ठरवावं असं तुला वाटतं?” ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि खाली तिची सही घ्यायची, नसेल येत तर अंगठा. आपल्या मनात असलेलं उत्तर नाही मिळालं तरी तसंच लिहायचं. “माझा मुलगाच ठरवील” असं म्हणाली तर तेही.

तुमचे अनुभव पत्रानं कळवा. पुढचा अंक त्यांचाच असेल, आणि वेळेवर निघेल.